एकीवर भागते का?



आमच्या धाकट्या बहिणीने आपल्या मुलाला एक किडनी द्यायचे ठरवले आहे. तपासण्या नागपूरला सुरू आहेत. परवा ती गोंदियाला आमच्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "दादा, एकीवर भागते ना जी?" मी आयुष्यभर इतिहास शिकवला, मला काय सांगता येणार! मग थोडे वाचन केले. तेव्हा कळले की या प्रश्नालाही इतिहास आहे.

जर्मनीत हायडलबर्ग येथे गुस्ताव सिमोन नावाचे शल्यविशारद होते. मार्गारेटा क्लेब ही बाई त्यांच्याकडे आली. आधीच्या एका शस्त्रक्रियेत तिच्या मूत्रवाहिनीला इजा झाली होती आणि लघवी सारखी गळत असे. त्या बाजूचे मूत्रपिंड काढले तरच सुटका होती. पण उरलेल्या एकावर माणूस जगेल का? सिमोन यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग केले. एक मूत्रपिंड काढलेली कुत्री जगली. मग २ ऑगस्ट १८६९ रोजी त्यांनी ती शस्त्रक्रिया केली. बाई बरी झाली.

पुढे २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे रोनाल्ड हेरिक यांनी आपल्या जुळ्या भावाला, रिचर्डला मूत्रपिंड दिले. शस्त्रक्रिया डॉ. जोसेफ मरे यांची. रिचर्ड आणखी आठ वर्षे जगले. देणारे रोनाल्ड २०१० साली, म्हणजे ५६ वर्षांनी वारले. ते गणिताचे मास्तर होते आणि शेतीही करत, हे वाचून मला विशेष आपुलकी वाटली. आपल्याकडे १९६५ साली मुंबईच्या केईएममध्ये मृत व्यक्तीचे मूत्रपिंड बसवून पाहिले, पण तो रुग्ण फार दिवस जगला नाही. जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे रोपण यशस्वी झाले ते वेल्लोरला, १९७१ साली.

आता उरलेले मूत्रपिंड करते काय? प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. जन्मानंतर नवीन नेफ्रॉन तयार होत नाहीत. पण जोडीदार गेला की उरलेल्याकडे जास्त रक्त येते. आहेत त्याच गाळण्या जास्त गाळू लागतात आणि हळूहळू आकारानेही वाढतात. हे काही दिवसांतच सुरू होते. त्यामुळे निरोगी दात्याचे काम निम्म्यावर न येता आधीच्या सुमारे ७० टक्क्यांवर स्थिरावते.

आम्हा मास्तरांना हे लगेच समजते. दोनशिक्षकी शाळेतल्या एकाची बदली झाली की नवीन माणूस येत नाही. उरलेला दोन्ही वर्ग सांभाळतो. शाळा चालते. पण त्याच्यावर आणखी किती भार टाकायचा याला मर्यादा असते.

ही मर्यादाही बहिणीला सांगितली. दुसऱ्या महायुद्धात एक मूत्रपिंड गमावलेल्या ६२ अमेरिकी सैनिकांची माहिती ४५ वर्षांनंतर तपासली गेली. त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले नाही. तरी पुढच्या अभ्यासांत असे दिसले, की दोन मूत्रपिंडे असलेल्या तितक्याच निरोगी माणसापेक्षा दात्याला मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका थोडा जास्त असतो. थोडाच, पण असतो. म्हणून रक्तदाब, साखर आणि लघवीची तपासणी दरवर्षी, जन्मभर. मनाने वेदनाशामक गोळ्या खायच्या नाहीत. आपल्याकडे आई आणि बायकोच बहुधा किडनी देतात, आणि नंतर स्वतःच्या तपासणीला मात्र त्यांनाच वेळ मिळत नाही. भाच्याला मी हे बजावून ठेवले आहे.

बहिणीने सगळे शांतपणे ऐकले. मग विचारले, "म्हणजे पुढच्या रोवणीला बांधीत उतरता येईल ना?"

मी म्हटले, "डॉक्टरला विचारू. पण यंदा तू धुऱ्यावर बसून बाकीच्यांना हाका मारायच्या."

"हाका तर मी आताही मारतेच," ती म्हणाली.

असो. तुमच्यापैकी कोणाच्या घरी दाते असतील, तर अनुभव जरूर कळवा. तिला वाचून दाखवीन.