प्रक्षिप्त पात्रांची साक्ष

'पाठभेद' आणि 'प्रक्षेप' हे दोन शब्द आम्ही विद्यार्थिदशेपासून ऐकत आलो. मुळातला शब्द बदलला की पाठभेद; मुळात नसलेले काही मागाहून शिरले की प्रक्षेप. दोहोंमागे शुद्ध संहितेचा आग्रह असतो आणि प्रक्षेपाच्या वाट्याला बहुधा तळटीपच येते. इंटरनेटवर चाहत्यांनी जी चित्रसृष्टी उभारली, तिथे मात्र हेच दोन व्यवहार मुख्य होऊन बसले. आवडत्या पात्राला निराळे रूप देणे हा पाठभेद, आणि त्याच्या जगात स्वतःचे नवे पात्र आणून सोडणे हा प्रक्षेप. निव्वळ अनुकरण म्हणून हा व्यवहार बाजूला सारणे इतिहासाच्या दृष्टीने चुकीचे ठरेल, असे आम्हांला वाटते. हात्सुने मिकू या जपानी पात्राचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे.

साप्पोरो येथील क्रिप्टन फ्यूचर मीडिया या कंपनीने ३१ ऑगस्ट २००७ रोजी एक सॉफ्टवेअर विक्रीस आणले. यामाहाच्या व्होकॅलॉइड तंत्रावर चालणाऱ्या या सॉफ्टवेअरमध्ये शब्द आणि स्वर भरले, की फुजिता साकी या अभिनेत्रीच्या आवाजाच्या नमुन्यांतून गाणे तयार होई. वेष्टनावर केई या चित्रकाराने रेखाटलेली, हिरव्यानिळ्या केसांच्या दोन लांबलचक शेपट्यांची मुलगी होती. तिच्याविषयी कंपनीने सांगितले ते फारच थोडे: वय १६, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ४२ किलो, आणि कोणत्या लयीची व पट्टीची गाणी तिला मानवतात, एवढेच. तिला कथा नव्हती, स्वभावही नव्हता. नाव मात्र सूचक होते: 'हात्सुने' म्हणजे पहिला स्वर आणि 'मिकू' म्हणजे भविष्य.

उसन्या पात्रांवर चाहत्यांनी स्वतःची चित्रपुस्तके काढावीत, ही रीत जपानात जुनी आहे. टोकियोतील कॉमिक मार्केट हा अशा पुस्तकांचा बाजार १९७५ पासून भरत आला आहे. परंतु तिथे चाहत्याच्या हाताशी बहुधा एखादी मूळ कथा असे. इथे कोरी जागा होती, आणि ती भरायला लोकांनी आठवडाही घेतला नाही. सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात एका फिनिश पोल्का गीताची चित्रफीत आली. तीत मोठ्या डोक्याची, बुटकी मिकू हातात पातीचा कांदा घेऊन तो हलवीत उभी होती. कंपनीच्या चित्रात हा कांदा कुठेच नव्हता. पुढे मात्र कृष्णाच्या हातातल्या बासरीसारखा तो मिकूची खूण होऊन बसला. त्याच १० सप्टेंबरला पिक्सिव्ह हे चित्रकारांचे संकेतस्थळ सुरू झाले आणि अशा पाठभेदांना हक्काची भिंत मिळाली.

आम्हांला अधिक मोलाचे वाटतात ते त्या वर्षअखेरीचे प्रक्षेप. सॉफ्टवेअर विकत घेतलेल्या अनेकांना धड गाणे काही जमेना. त्यांच्या वैतागातून योवाने हाकू जन्मली. पांढरट केसांची, थकलेली, दारूत दुःख बुडवणारी अशी ही बाई. 'योवाने ओ हाकू' या जपानी वाक्प्रचाराचा अर्थच मुळी रडगाणे गाणे असा आहे. दुसरे पात्र अकिता नेरूचे. ऑक्टोबरात शोधयंत्रांतून मिकूची चित्रे दिसेनाशी झाली आणि चाहत्यांत संशयाचे वारे वाहू लागले. त्या चर्चांत 'कंटाळा आला, झोपतो' अशा अर्थाचे शेरे वारंवार पडू लागले. ते मारणारे भाडोत्री असावेत, असा समज पसरला. तो शेरा जपानीत 'अकिता, नेरू' असाच होतो. चाहत्यांनी त्यालाच मुलगी केले: पिवळे केस एका बाजूला बांधलेली, मोबाइलवर खिळलेली.

ही दोन्ही पात्रे मिकूच्या कथेत भर घालत नाहीत, कारण भर घालावी अशी कथाच तिथे नाही. ती चाहत्यांविषयीच सांगतात. न जमलेल्या निर्मितीची लाज हाकूत आहे, कोणीतरी आपला आवाज दाबतो आहे ही भीती नेरूत आहे. त्या शरद ऋतूचा इतिहास ज्याला लिहायचा आहे, त्याच्यासाठी वेष्टनावरच्या मूळ चित्रापेक्षा हे प्रक्षेप अधिक विश्वसनीय साक्षीदार आहेत.

कंपनीने कायद्याचा बडगा उगारला नाही, हे नोंदवले पाहिजे. डिसेंबर २००७ मध्ये तिने पियाप्रो हे संकेतस्थळ उघडले. एकमेकांची चित्रे आणि गाणी वापरावीत व मूळ कर्त्याचे आभार मानावेत, असा तिथला शिरस्ता. २०१२ मध्ये मिकूची मूळ चित्रे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अव्यावसायिक परवान्याखाली खुली झाली. हाकू आणि नेरूलाही मान्यता मिळाली. त्यांच्या बाहुल्या निघाल्या आणि सेगा कंपनीच्या २००९ मधील 'प्रोजेक्ट दिवा' या खेळात त्या दाखल झाल्या. हा सन्मान खराच. पण त्यात काही हरवलेही. खेळात हाकू दिसते ती निव्वळ पांढऱ्या केसांची एक सुंदर मुलगी म्हणून. तिच्यामागचे न जमलेले गाणे नव्या खेळाडूला कोण सांगणार? प्रक्षेप संहितेत सामावला की त्याची तारीख पुसली जाते.

याच्या उलट प्रवास कासाने तेतोचा. १ एप्रिल २००८ च्या थट्टेसाठी काही अनामिकांनी एक खोटी व्होकॅलॉइड गायिका रचली. पिळदार लाल केसांच्या या मुलीचे वय त्यांनी ३१ ठेवले. थट्टा एका दिवसात संपायची. पण कोणी तिला युताउ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आवाज दिला, कोणी गाणी दिली. २०२३ मध्ये तिच्या आवाजाचे सॉफ्टवेअर रीतसर विक्रीस आले. आणि तरी तेतोची ओळख सांगताना ती एप्रिल फूलची थाप अजूनही आधी सांगावी लागते. मान्यता मिळूनही तिचा जन्म पुसला गेलेला नाही.

प्रक्षेप वगळून शुद्ध पाठाकडे जाण्याची शिस्त आम्ही मानतो. तिच्याविना संहितेचा अभ्यास होत नाही. परंतु जिथे मूळ पाठ म्हणजे तीन आकडे आणि एक चित्र, तिथे वगळून उरणार काय? अशा वेळी मागाहून शिरलेल्या प्रत्येक पात्राला, ते खरे की खोटे, हे विचारण्यापूर्वी, ते कोणाच्या कोणत्या दुःखातून आले, हे विचारावे. हाकू अजून त्याचे उत्तर देऊ शकते, फक्त तिला विचारणारे हवेत.