फिरत्या प्रोफाइलचा इतिहास व त्यातील बिघाडाची मीमांसा

कार्यालयातील संगणकावर नेहमीप्रमाणे परवलीचा शब्द द्यावा आणि पडद्यावर आपले असे काहीच नसावे. फाइली, कळफलकाची मांडणी, शब्दकोशात स्वतः भरलेले शब्द, सारेच नाहीसे झालेले असावे, हा अनुभव अनेकांस येतो. अशा वेळी संगणकाने वापरकर्त्यास तात्पुरते प्रोफाइल दिलेले असते. हा यंत्राचा लहरीपणा होय, अशी सामान्य समजूत आहे. ती यथार्थ नाही. या बिघाडाचे मूळ एका जुन्या निर्णयात आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

एकच माणूस अनेक यंत्रांवर काम करणार असेल, तर त्याची सामग्री कोठे ठेवावयाची, हा मूळ प्रश्न. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाने आयबीएमच्या साहाय्याने १९८२ मध्ये ‘अँड्रू’ हा प्रकल्प आरंभिला. १९८३ मध्ये एमआयटीत ‘अथीना’ सुरू झाला. दोहोंचे उत्तर एकच होते: सामग्री सर्व्हरवर असावी आणि यंत्राने ती तेथूनच वापरावी. अँड्रूमध्ये फाइलीची प्रत यंत्रावर येत असे खरी. परंतु मूळ फाइल बदलली की सर्व्हर त्या यंत्रास तसे कळवीत असे. प्रत कोणती आणि मूळ कोणते, याविषयी संदेह नसे.

मायक्रोसॉफ्टने निराळा मार्ग पत्करला. १९९६ च्या विंडोज एनटी ४.० मध्ये प्रोफाइल हा एक फोल्डर असून ‘एनटीयूजर.डॅट’ या एकाच फाइलीत वापरकर्त्याची बहुतेक मांडणी साठविलेली असे. फिरते प्रोफाइल लॉग-इनच्या वेळी सर्व्हरवरून यंत्रावर उतरे व लॉग-ऑफच्या वेळी परत चढे. मधल्या काळात दोन प्रती स्वतंत्रपणे नांदत. कोणी दोन यंत्रांवर एकाच वेळी बसल्यास जो शेवटी उठे त्याची प्रत टिके. विंडोज २००० मध्ये फाइलींच्या वेळा ताडून प्रती जुळविण्याची सोय झाली, तथापि ‘एनटीयूजर.डॅट’ ही अखंड फाइल असल्याने तिच्यापुरता दोष कायम राहिला. हस्तलिखितांची पाठचिकित्सा करणाऱ्यास ही अवस्था परिचितच वाटेल.

या दुहेरीपणातूनच पुढील बिघाड उद्भवले. व्हिस्टापासूनच्या आवृत्त्यांत नोंदवहीतील क्रमांक त्यांची जात सांगतात. १५२१ म्हणजे सर्व्हरवरील प्रत सापडली नाही. येथे जाळे, मार्ग व परवानग्या तपासाव्यात. १५३० म्हणजे लॉग-ऑफच्या वेळी कोणी अन्य प्रोग्रॅम वापरकर्त्याची रजिस्ट्री धरून बसला होता. १५११ म्हणजे यंत्रावरील प्रत न मिळाल्याने तात्पुरते प्रोफाइल दिले गेले. या शेवटच्या प्रकारात रजिस्ट्रीतील ‘प्रोफाइललिस्ट’मध्ये एकाच वापरकर्त्याच्या दोन नोंदी पुष्कळदा आढळतात. एकीस ‘.बॅक’ हे शेपूट असते, आणि बहुधा तीच खरी असते. नावांची अदलाबदल करून यंत्र पुन्हा सुरू केल्यास जुने प्रोफाइल पुष्कळदा परत येते.

काही अडचणी सुधारणांनीच निर्माण केल्या. एक्सपीच्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून फोल्डरची मालकी तपासली जाऊ लागली. व्यवस्थापकाने हाताने बनविलेले फोल्डर त्यामुळे कधीकधी नाकारले जात. व्हिस्टाने फोल्डरच्या नावास ‘.व्ही२’ जोडले, विंडोज १० च्या १६०७ या आवृत्तीपर्यंत ते ‘.व्ही६’ झाले. जुन्या-नव्या यंत्रांवर आळीपाळीने बसणाऱ्याची एकाहून अधिक, परस्परांस अपरिचित प्रोफाइले त्यामुळे निर्माण झाली.

येथे व्यवहाराचा एक मुद्दा महत्त्वाचा आहे. तात्पुरते प्रोफाइल लॉग-ऑफ करताच पुसले जाते. त्यात दिवसभर टिपलेली क्षेत्रकार्याची सामग्री त्याबरोबरच जाते. म्हणून तशी सूचना दिसताच केलेले काम अन्यत्र उतरवून घेणे हे पहिले कर्तव्य होय. तसेच ‘जुने प्रोफाइल काढून नवे करा’ हा उपाय सोपा असला, तरी प्रत घेतल्यावाचून तो योजणे म्हणजे बिघाडाबरोबर मूळ संहिताही नष्ट करणे होय.

२०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने एफएसलॉजिक्स ही कंपनी विकत घेतली. तिच्या पद्धतीत प्रोफाइल उतरविले जात नाही. जाळ्यावरील आभासी डिस्क लॉग-इनच्या वेळी यंत्रास जोडली जाते. सामग्री एका जागी ठेवून तेथूनच वापरण्याचे तत्त्व असे पस्तीस वर्षांनंतर पुन्हा मान्य झाले. जोडणीच तुटली तर काय, हा प्रश्न तेथेही उरतोच. परंतु दोन प्रतींतील खरी कोणती, हा प्रश्न मात्र बव्हंशी मिटतो.