चीवर आणि गोधडी : खानदेशातील चिंध्यांचा इतिहास

सुरत–भुसावळ लोहमार्गावर अमळनेर सोडून पश्चिमेकडे निघाले की बेटावदनंतर नरडाणा हे स्थानक लागते. धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील हे गाव मुंबई–आग्रा महामार्गावर असल्याने प्रवाशांच्या परिचयाचे आहे. उत्तरेस तापी वाहते. पांझरा नदी याच तालुक्यातील मुडावद येथे तिला मिळते. भोवताली काळी कपाशीची जमीन पसरलेली आहे. दसऱ्यापूर्वी घरोघरची अंथरुणे-पांघरुणे धुऊन काढण्याचा प्रघात या भागात जुना आहे. त्या दिवसांत नदीकाठच्या खडकांवर आणि कुंपणांवर वाळत घातलेल्या गोधड्या दृष्टीस पडतात. कोणाचे लुगडे, कोणाचे धोतर, कोणा लेकराचे अंगडे असे कितीतरी तुकडे एका गोधडीत शेजारी शेजारी नांदत असतात.

राजेरजवाड्यांची वस्त्रे वस्तुसंग्रहालयांत जपली जातात. त्यांच्यावर ग्रंथही लिहिले जातात. श्रमिकाच्या अंगावरील पांघरुणाची मात्र इतिहासाने फारशी दखल घेतलेली नाही. प्रस्तुत लेखात या पांघरुणाचा विचार दोन अंगांनी करावयाचा आहे. गोधडी ही श्रमिक स्त्रीच्या हातची इतिहासवस्तू कशी आहे, हे एक. भिक्खूचे चीवर आणि अस्पृश्यावर लादली गेलेली चिंधी, या दोहोंत नेमके अंतर कोणते, हे दुसरे.

गोधडीची घडण

गोधडी आणि गादी यांतील भेद प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. गादीत आणि रजईत पिंजाऱ्याने पिंजलेला कापूस भरतात. गोधडीत कापूस नसतो. जुन्या कपड्यांचे थर हेच तिचे अंतरंग असते. वापरून मऊ झालेल्या लुगड्याला आपल्याकडे ‘जुनेर’ म्हणतात. मधोमध विरलेल्या लुगड्याचा फाटका भाग काढून टाकून चांगले भाग जोडायचे, याला ‘दंड घालणे’ म्हणतात. दंड घातलेले लुगडेही विरले म्हणजे त्याची पाळी गोधडीत येते. स्वच्छ सारवलेल्या जमिनीवर एक जुनेर ताणून पसरायचे, त्यावर धडप्यांचे आणि चिंध्यांचे थर सारखे लावायचे, वर दुसरे जुनेर घालून कोपऱ्यांवर वजन ठेवायचे आणि मोठ्या सुईने धावदोरा घालीत जायचे. टाक्यांच्या ओळी काठाला धरून निघतात आणि फेरी धरून आत सरकत मध्याशी येतात. टाका जितका जवळ, तितकी गोधडी टिकाऊ. शेतीची कामे संपल्यानंतरच्या उन्हाळी दुपारी हे काम चाले. एकीच्या गोधडीला शेजारच्या दोघीतिघींचे हात लागत.

खानदेश हा कापसाचा मुलूख आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा मुंबई इलाख्यातील कापसाला अभूतपूर्व भाव आला आणि त्या तेजीत खानदेशचाही वाटा होता. पुढे जळगावला आणि अमळनेरला कापडगिरण्या निघाल्या. तापी खोऱ्याचा लोहमार्ग सुरतेहून १९०० च्या सुमारास अमळनेरपर्यंत आला आणि येथील गाठी थेट बंदराकडे जाऊ लागल्या. या सगळ्या व्यवहाराच्या मुळाशी कापूस वेचणारी मजूर स्त्री होती. दिवसभर ओटीत पांढरे सोने भरणाऱ्या या स्त्रीच्या घरी मात्र कापसाची गादी नव्हती. धुळ्याकडची थंडी अंगात शिरणारी असते. त्या थंडीत तिची लेकरे चिंध्यांच्या उबेत निजली. कापसाच्या मुलुखातील गोधडी ही केवळ काटकसरीची खूण नाही. संपत्ती कोणी निर्माण केली आणि ती कोणाच्या घरी गेली, याची ती साक्ष आहे.

विनयातील वस्त्र

आता विनयपिटकाकडे वळू. आरंभीच्या काळात भिक्खू ‘पंसुकूल’ वापरीत. म्हणजे रस्त्यावर, उकिरड्यावर किंवा स्मशानात टाकून दिलेल्या चिंध्या गोळा करून, धुऊन, शिवून त्यांचे चीवर करीत. महावग्गाच्या चीवरखंधकात एक प्रसंग आहे. राजगृहाहून दक्षिणागिरीकडे जाताना भगवंतांनी मगधातील शेते पाहिली. लांब पट्टे, बांध, आडवे बांध आणि त्यांचे चौक अशी ती आखणी होती. अशा आखणीचे चीवर करता येईल काय, असे त्यांनी आनंदाला विचारले. आनंदाने तसे चीवर शिवून दाखविले आणि भगवंतांनी संघासमोर त्याच्या बुद्धीची प्रशंसा केली. कापून जोडलेल्या वस्त्राचा चोराला मोह पडत नाही आणि श्रमणाला ते शोभते, हे त्यामागील प्रयोजन. शेतकऱ्याच्या बांधाची रेघ अशा रीतीने संघाच्या अंगावर आली.

शिवणकामाच्या लहानसहान गोष्टीही विनयाने उपेक्षिलेल्या नाहीत. भिक्खू पिसाने आणि बांबूच्या कामट्यांनी शिवीत, त्यामुळे चीवर नीट शिवले जात नसे. म्हणून सुईची अनुज्ञा देण्यात आली. बोटांना सुई टोचू लागली, तेव्हा बोटात घालावयाच्या टोपणाची अनुज्ञा मिळाली. कापड ताणून धरण्यासाठी चौकट आली. तिला ‘कठिन’ म्हणतात. वर्षावासानंतर संघाला मिळालेले कापड त्याच दिवशी कापून, शिवून, रंगवून पुरे करावयाचे, या विधीलाही हेच नाव आहे. रंग मुळे, लाकूड, साल, पाने, फुले आणि फळे यांपासून घेत.

चुल्लवग्गातील आणखी एक प्रसंग गोधडी शिवणाऱ्या कोणत्याही बाईला आपल्या घरचा वाटेल. कोसंबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली. इतक्या वस्त्रांचे हा श्रमण काय करणार, अशी शंका राजाला आली. आनंदाने सांगितले की, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना ही वाटली जातील. जीर्ण चीवरांची पांघरुणे होतील, त्यांची पुढे गादीची आवरणे, मग जमिनीवरील बैठका, मग पायपुसणी, मग झाडण्याची फडकी होतील. शेवटी त्या चिंध्या कुटून चिखलात कालवून लिंपणासाठी वापरल्या जातील. राजाची शंका फिटली. वस्तूचा अखेरच्या धाग्यापर्यंत सदुपयोग करण्याची ही दृष्टी संघाने शिस्त म्हणून स्वीकारली होती.

या वस्त्रामागे समाजातील श्रमही उभा होता. नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे मिळून तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांतील दोन हजारांवर दरमहा शेकडा एक या दराने व्याज मिळावयाचे होते. वर्षाचे दोनशे चाळीस कार्षापण होतात. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावेत, असा संकेत होता. हिशेब चोख जुळतो. खानदेशच्या शेजारच्या या नगरीत विणकरांचा माग आणि भिक्खूंचे चीवर एका व्यवहाराने बांधले गेले होते.

शेताच्या आखणीचे हे चीवर धम्माबरोबर दूरदेशी गेले. जपानमध्ये इ. स. ७५६ साली सम्राट शोमु यांच्या निधनानंतर त्यांच्या वस्तू नारा येथील तोदाईजी विहाराला अर्पण करण्यात आल्या. त्यांतील काषाय वस्त्रे शोसोइन भांडारात आजही जतन केलेली आहेत. रंगीबेरंगी रेशमी तुकड्यांचे थर एकमेकांवर बसवून बारीक धावदोऱ्याने ते जोडलेले आहेत. आपल्या गोधडीची आणि त्यांची शिवण एकाच कुळातील आहे.

यावरून गोधडी ही चीवरापासूनच निघाली, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. बंगालची कांथा, कर्नाटकातील सिद्दी समाजाची कवंदी, आपल्याकडील वाकळ आणि गोधडी अशी ही परंपरा अनेक प्रांतांत आणि अनेक जातींत पसरलेली आहे. जेथे कापड मोलाचे आणि हात कष्टाळू, तेथे ती आपोआप जन्म घेते. आपल्यापुढील प्रश्न उगमाचा नाही, अर्थाचा आहे.

लादलेली चिंधी

भिक्खू स्मशानातील वस्त्र घेत असे. गावगाड्यातील महारालाही मृताच्या अंगावरील कापड मिळे. त्याच्या परंपरागत ‘हक्कां’त ते मोजले जाई. वरवर पाहता दोन्ही वस्त्रे एकच आहेत. मग भेद कोठे आहे?

भेद आहे तो निवडीत. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडालांनी मृतांची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यांत अन्न खावे, लोखंडाचे दागिने घालावेत, अशी आज्ञा आहे. तेथे चिंधी ही जन्माबरोबर मिळालेली शिक्षा आहे. ती नाकारण्याचा अधिकार माणसाला नाही. संघात याच्या नेमके उलट होते. जीवकाने प्रद्योत राजाकडून मिळालेले उंची वस्त्र भगवंतांना अर्पण केले, तेव्हा गृहस्थांनी दिलेली वस्त्रे घेण्यास संघाला अनुज्ञा मिळाली. इच्छा असेल त्याने पंसुकूल वापरावे, इच्छा असेल त्याने गृहस्थाचे वस्त्र घ्यावे, असे ठरले. पुढे देवदत्ताने ज्या पाच मागण्या केल्या, त्यांत भिक्खूंनी यावज्जीव चिंध्यांचेच चीवर वापरावे, ही एक होती. भगवंतांनी ती फेटाळली. महाकाश्यपासारख्या थोर भिक्खूने स्वेच्छेने पंसुकूल पत्करले. त्याच्याशी स्वतः भगवंतांनी वस्त्राची अदलाबदल केली. परंतु दारिद्र्य हा नियम करून कोणावर लादावयाचा नाही, या निर्णयापासून ते ढळले नाहीत. निर्माल्य झाडणारा सुनीत आणि राजकुळातील आनंद एकाच आखणीचे चीवर पांघरीत होते. तुकड्यांनी जोडलेल्या त्या वस्त्रावर जातीची खूण नव्हती.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लढ्याकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे त्यातील सुसंगती दिसते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. मृतांची वस्त्रे लादणारे वचन त्याच ग्रंथातील आहे. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना जातीची खूण सांगणारी लुगड्याची धाटणी आणि जड दागिने टाकून द्यावयास सांगितले, स्वच्छ राहावयास सांगितले. वस्त्राचा प्रश्न त्यांनी स्वाभिमानाचा प्रश्न म्हणून पाहिला. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक मांडले. अखेर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने संपुष्टात आली आणि वतनाबरोबर आलेल्या लाचारीचा कायदेशीर आधारही गेला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लोक शुभ्र वस्त्रे नेसून आले. त्या शुभ्रतेमागे एवढा मोठा इतिहास आहे.

स्वेच्छेने पत्करलेल्या चिंधीचे आपल्या काळातील उदाहरण गाडगेबाबांचे. परीट समाजात जन्मलेला हा माणूस चिंध्यांची गोधडी पांघरून गावोगाव हिंडला; लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. परंतु इतरांनी चिंध्यांत राहावे, असे त्यांनी कधी म्हटले नाही. त्यांनी धर्मशाळा बांधल्या, मुलांना शाळेत घाला म्हणून सांगितले आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. अंगावर गोधडी घेणे निराळे आणि दुसऱ्याच्या नशिबी गोधडी घालणे निराळे, हे ते जाणून होते.

आजचे कर्तव्य

म्हणून गोधडीचे कौतुक करताना सावधगिरी हवी. शहरांतील प्रदर्शनांत आज हातशिलाईच्या गोधड्या मांडल्या जातात, घरांच्या भिंतींवर शोभेसाठी टांगल्या जातात. तेथे गरिबीला कलेचे नाव देऊन मोकळे होता येते. जिने आठवडेच्या आठवडे टाका घातला तिचे नाव त्या वस्त्रावर असते काय, तिच्या श्रमाला योग्य मोल मिळते काय, हे प्रश्न आपण विचारले पाहिजेत. दुसऱ्या बाजूने, गोधडी ही दारिद्र्याची आठवण म्हणून लपविण्याचीही गरज नाही. आपल्या आयांनी लादलेल्या चिंध्यांतून उबेची वस्तू निर्माण केली. चिंधी त्यांना व्यवस्थेने दिली. आखणी आणि टाका त्यांचा स्वतःचा होता.

ही विद्या आता मागे पडत आहे. सुती लुगड्यांची जागा कृत्रिम धाग्याच्या साड्यांनी घेतली. त्यांची गोधडी घाम टिपत नाही आणि टाकाही नीट धरत नाही. यंत्रावरची ब्लँकेटे स्वस्त झाली. जुन्या गोधड्या विरून जात आहेत आणि त्यांच्याबरोबर त्या शिवणाऱ्या पिढीच्या आठवणीही जात आहेत.

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. त्यासाठी वडीलधाऱ्या स्त्रिया नियमाने जमतात. नरडाण्यासारख्या गावांतील उपासिकांनी या तीन महिन्यांत एक दिवस आपापल्या घरची जुनी गोधडी विहारात आणावी. तिच्यात कोणाचे लुगडे आहे, कोणाचा सदरा आहे, ती कोणी, कोणत्या साली, कोणत्या हंगामानंतर शिवली, हे शिकलेल्या मुलामुलींनी विचारून लिहून घ्यावे. शिवणारीचे नाव आधी लिहावे. ज्या समाजाला कागदपत्रांत स्थान मिळाले नाही, त्याचे दस्तऐवज असेच कोठीत, पेटीत आणि अंथरुणात सापडतात. ते आपण वेळीच वाचले नाहीत, तर दुसरा कोणी आपल्यासाठी वाचणार नाही.