चुन्याविना उभा तट : नजर आणि हात यांची जोड

अलिबागचा कुलाबा किल्ला सर्वांच्या परिचयाचा आहे. ओहोटीला तेथे पायी जाता येते. भरतीला चहूबाजूंनी पाण्याचा वेढा पडतो. छत्रपती शिवाजी महाराजांनी सन १६८० मध्ये किल्ल्याचे काम हाती घेतले व संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत, १६८१ मध्ये, ते पूर्णत्वास गेले. पुढे हा किल्ला आंग्र्यांच्या आरमाराचे प्रमुख ठाणे झाला. किल्ल्यातील गणपतीचे मंदिर राघोजी आंग्रे यांनी १७५९ साली बांधले. हा इतिहास पुष्कळांना ठाऊक असतो. परंतु तटाचे चिरे निरखून पाहणारे थोडेच.

हे प्रचंड चिरे एकमेकांवर नुसते रचलेले आहेत. सांध्यांत चुना नाही. लाट आपटली की पाणी फटींतून आत शिरते व तडाख्याचा जोर कमी होतो. मात्र अशा बांधकामात कारागिराची खरी कसोटी लागते. चुना दगडाचे उणेपण झाकतो. कोरड्या रचाईत झाकण्यास काहीच नसते. एक चिरा डुगडुगत राहिला तर लाटा त्याला हलवीत राहतात, आणि शेजारचेही सैल होतात.

सूत आणि ओळंबा यांच्या साहाय्याने भिंतीची रेषा डोळ्याला कळते. परंतु दगड खाली नीट टेकला की नाही, हे डोळ्याला दिसत नाही, कारण टेकण्याची जागा दगडाखाली दडलेली असते. ते हातालाच कळते. गवंडी दगडावर तळवा दाबून पाहतो. जरा डुगडुगला तरी मनगटाला जाणवते. चीप कोणत्या बाजूला द्यावयाची हे हात सांगतो आणि दगड सुतात राहिला की नाही हे पुन्हा नजर पाहते. पाथरवटाची नजर टाकीच्या टोकावर असते. हातोड्याकडे तो पाहतही नाही. घडाई झाल्यावर दगडावरून बोटे फिरवली, की नजरेतून सुटलेला उंचवटा बोटांना लागतो.

अर्न्स्ट व बँक्स या शास्त्रज्ञांनी २००२ साली प्रयोगाने दाखविले, की डोळा व स्पर्श यांपैकी ज्याची साक्ष अधिक भरवशाची, तिला मेंदू अधिक वजन देतो. दिसणे अस्पष्ट झाले की माणूस हातावर जास्त विसंबतो. जाणता गवंडी कामावर हेच करीत आला आहे.

ही विद्या लिहून देता येत नाही. जाणता कारागीर शिकाऊ मुलाचा हात धरून दगडावर ठेवतो, तेव्हाच ती पुढे जाते. आता सिमेंटच्या गिलाव्याखाली सगळे सांधे झाकले जातात. भिंत नजरेला साफ दिसते आणि हाताला विचारण्याचे कारण उरत नाही. सबब जीर्णोद्धाराचे काम काढणाऱ्या प्रत्येक गावाने जुना चिरा टाकून देण्यापूर्वी तो जाणत्या गवंड्याकडून तपासून घ्यावा, व त्याच्या शेजारी गावातील एखादा तरुण उभा करावा. दात्यांच्या देणगीतून दगड आणता येतो. तो बसविणारा हात मात्र कामावरच तयार होतो.