खिसेकापू, कसा आणि परदेशचा प्रवास



एप्रिल-मे उजाडला की ओळखीच्या दोन-चार घरांतून तरी कुणी ना कुणी युरोपच्या सहलीला निघालेले असते. चकल्या-थेपले बांधून होतात, गरम कपड्यांची उसनवारी होते, आणि निघताना प्रत्येक जण एक सल्ला देतोच, "पाकीट सांभाळा हं, तिकडे खिसेकापू फार!" सल्ला खरा आहे. पण सांभाळायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे सांगणारे कमीच. मी पडलो इतिहासाचा मास्तर. मला याचे उत्तर इतिहासात सापडते. बघा पटते का.

आधी शब्दच घेऊ. आपण 'खिसेकापू' म्हणतो. इंग्रजीतला जुना शब्दही असाच आहे, 'कटपर्स', म्हणजे थैली कापणारा. मध्ययुगीन युरोपात लोकांच्या पैशाची थैली कमरपट्ट्याला लोंबकळत असे. चोर छोट्या सुरीने तिची दोरी कापून थैली लांबवायचा. पुढे कपड्यांना आतून शिवलेले खिसे आले आणि सुरीपेक्षा बोटांचे काम वाढले. रॉबर्ट ग्रीन नावाच्या लेखकाने १५९१-९२ च्या सुमारास लंडनच्या ठगांवर पुस्तिका लिहिल्या. त्यात तो दोन प्रकार सांगतो. 'निप' सुरी वापरतो, 'फॉइस्ट' नुसती बोटे. या फॉइस्टाचा तोरा असा, की आपल्याला कुणी सुरीवाला समजू नये म्हणून तो जेवताना मांस कापायलाही सुरी जवळ ठेवत नाही. उच्च-नीच चोरांनाही सुटले नाही म्हणायचे!

या विद्येची शाळासुद्धा होती. १५८५ साली लंडनचे न्यायाधिकारी विल्यम फ्लीटवुड यांनी राणी एलिझाबेथचे मंत्री लॉर्ड बर्ली यांना एक पत्र लिहिले. त्यात वॉटन नावाच्या, व्यापारात बुडालेल्या एका घरंदाज माणसाची हकिकत आहे. बिलिंग्जगेटजवळ त्याने एक दारूचा गुत्ता काढला होता आणि तिथे तो पोरांना शिकवायचा. एक खिसा आणि एक थैली टांगून ठेवलेली. दोन्हींना बारीक घुंगरे बांधलेली. घुंगरू न वाजता खिशातला बिल्ला काढला की विद्यार्थी एका पदवीला पात्र, थैलीतले चांदीचे नाणे काढले की दुसऱ्या पदवीला. मी इतकी वर्षे शाळेत काढली, पण एवढी चोख प्रात्यक्षिक परीक्षा कुठे पाहिली नाही!

पण खरी गंमत पुढेच आहे. घुंगरू न वाजवणे हा या विद्येचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा म्हणजे समोरच्याचे लक्ष दुसरीकडे नेणे. बेन जॉन्सनचे 'बार्थोलोम्यू फेअर' हे नाटक १६१४ साली रंगमंचावर आले. त्यात कोक्स नावाचा एक भोळा जमीनदार लंडनच्या जत्रेला येतो. तिथे एक गाणारा गाणे म्हणत असतो, आणि गाण्याचा विषय काय, तर लोकहो, थैलीचोरांपासून सावध राहा! कोक्स खूश होऊन ऐकतो, खिशातली थैली हाताने घट्ट धरून ठेवतो. तेवढ्यात गाणाऱ्याचा साथीदार गवताच्या काडीने त्याच्या कानाला गुदगुल्या करतो. कान खाजवायला हात बाहेर, आणि थैली गायब.

चारशे वर्षांपूर्वीचे हे नाटक आहे, पण रचना आजचीच. अंगावर काहीतरी सांडते आणि एक भला माणूस पुसायला धावतो. कुणी सही मागायला कागद पुढे करते. मेट्रोचे दार बंद होता होता कुणाचा तरी धक्का बसतो. ही सगळी कानातली काडीच. 'खिसेकापूंपासून सावधान' ही पाटी वाचली की आपला हात आपोआप पाकिटाकडे जातो, आणि जो बघत उभा असतो त्याला पाकीट कुठे आहे ते न विचारता कळते.

मग शिक्षा कडक केली तर? इंग्लंडने तेही करून पाहिले. १५६५ सालच्या कायद्याने एका शिलिंगहून जास्त किमतीच्या पाकीटमारीला फाशीची वाट मोकळी झाली. पण एवढ्याशा चोरीसाठी जीव घ्यायचा हे ज्यूरीतल्या माणसांनाही जड जाई, आणि ते पुष्कळदा चोरीच्या मालाची किंमत मुद्दाम कमी ठरवीत. विल्यम होगार्थ या चित्रकाराने १७४७ साली टायबर्नच्या फाशीच्या माळावरची गर्दी दाखवणारे एक चित्र काढले. त्या गर्दीत एक पोरगा केक विकणाऱ्याचा खिसा साफ करताना दिसतो. समोर फाशी चाललेली, आणि इकडे हात चालू! शेवटी सॅम्युअल रोमिली यांच्या प्रयत्नाने १८०८ साली ही फाशीची शिक्षा रद्द झाली.

आता चोर दिसतो कसा, ते पाहू. १७७५ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात रशियाचा प्रिन्स ऑर्लोव्ह आला होता. परदेशी पाहुणा, आणि खिशात हिरेजडित तपकिरीची डबी. किंमत ३०,००० पौंड म्हणत. त्या डबीवर हात टाकला जॉर्ज बॅरिंग्टनने. हा जन्माने आयरिश, पण पोशाख उंची आणि बोलणे असे गोड की बड्या लोकांत सहज खपून जाई. त्या वेळी तो पकडला गेला, पण ऑर्लोव्हने खटला चालवला नाही. पुढे १७९० साली सोन्याच्या घड्याळाच्या चोरीत त्याला सात वर्षांची काळ्या पाण्याची सजा झाली आणि १७९१ मध्ये त्याची रवानगी ऑस्ट्रेलियाला झाली. तिथे १७९६ मध्ये तो पॅरामॅटाचा मुख्य कॉन्स्टेबल झाला! ऑर्लोव्हच्या शेजारी कुणी फाटक्या कपड्यातला माणूस येऊन बसता तर तो नक्की सावध झाला असता. सभ्य गृहस्थापुढे झाला नाही.

मला आज लिहायचे होते ते खरे इथून पुढे. आपल्या सहलींत हल्ली सर्रास सांगतात, "जिप्सी दिसले की लांब राहा." ज्यांना जिप्सी म्हणतात ते रोमा लोक. हे इजिप्तमधून आले असावेत अशा चुकीच्या समजुतीतून ते नाव पडले. प्रत्यक्षात त्यांचे पूर्वज हिंदुस्थानातून गेले, हे त्यांच्या भाषेवरून सिद्ध झाले आहे. त्यांच्या भाषेत नाकाला 'नख', कानाला 'कान' आणि पाण्याला 'पानी' म्हणतात. इंग्लंडने १५३० साली कायदा करून त्यांना देशाबाहेर काढायचे ठरवले, १५५४ साली न जाणाऱ्यांना देहदंड ठरवला. विसाव्या शतकात नाझींनी त्यांची लाखोंच्या संख्येने हत्या केली. त्यांच्यात चोरी करणारे कुणीच नाही असे मी म्हणत नाही. पण अख्खी जमात चोर, हे आपण महाराष्ट्रातल्यांनी तरी म्हणू नये.

कारण हा शिक्का आपल्याकडेही मारला गेला आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. मूल जन्मले की जन्मतःच गुन्हेगार, पोलिसांकडे हजेरी, तारेच्या कुंपणातली वसाहत. सोलापूरची 'सेटलमेंट' अनेकांना ठाऊक असेल. हा कायदा १९५२ साली गेला, पण शिक्का गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली आले आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. भुकेपोटी पाकीटमारी शिकणारी पोरे आणि त्यांना मिळणारा मार, दोन्ही त्यात आहे. ते वाचल्यावर 'खिसेकापू' हा शब्द पूर्वीसारख्या सहजतेने तोंडातून निघत नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की चेहरा पाहून सावध होऊ नका, जागा आणि वेळ पाहून व्हा. १० एप्रिल २०१३ रोजी पॅरिसचे लूव्र संग्रहालय बंद राहिले, कारण पाकीटमारांना कंटाळून कर्मचाऱ्यांनीच काम थांबवले. मे २०१५ मध्ये आयफेल टॉवरवरही तसेच झाले. दोन्ही ठिकाणी माणसे मान वर करून पाहत असतात. नेमकी तीच वेळ!

आपल्या आजे-पणज्यांना हे शास्त्र ठाऊक होते. काशीयात्रेला निघताना पैशाचा कसा कमरेला आतून बांधायचा, आणि वरखर्चाचे चार पैसे वेगळे बटव्यात. आजही तेच करावे. पासपोर्ट आणि मोठी रक्कम कपड्याच्या आत, पातळ पिशवीत. दिवसभराचे पैसे वेगळे, म्हणजे चारचौघांत आतली पिशवी उघडावी लागत नाही. एक कार्ड दुसऱ्या कुणाच्या सामानात. मोबाइल मागच्या खिशात नको, हॉटेलात खाताना टेबलावरही नको. गर्दीत बॅग छातीशी. कुणी धक्का दिला, काही सांडले, सही मागितली, तर आधी बॅगेवर हात आणि मग त्याच्याकडे पाहणे. पासपोर्टची झेरॉक्स वेगळी ठेवा. तरीही तो गेलाच तर आधी पोलिसांत तक्रार आणि तिचा कागद हातात, मग आपली वकिलात. विम्यालाही तो कागद लागतो.

एवढे केले की मग मोकळेपणाने हिंडा. रस्ता विचारणाऱ्याशी बोला, लेकुरवाळ्या बाईला जागा द्या. पाकीट सांभाळायला दोन हात पुरतात. प्रत्येक माणसाकडे संशयाने पाहत फिरायचे, तर एवढे पैसे खर्चून परदेशी जायचे कशाला?

असो, फार लांबले. तुमच्या घरी कुणा आजोबांचा जुना कसा ट्रंकेत पडून असेल तर जरूर कळवा, मला पाहायला आवडेल.