वार्धक्याची भूमिका कोणी करायची?

मराठी रंगभूमीवरील वार्धक्याचा विचार करू लागलो की आपल्यासमोर प्रथम गणपतराव बेलवलकर उभे राहतात. ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजी झाला. तेव्हा डॉ. श्रीराम लागू अवघे ४३ वर्षांचे होते. ‘संध्याछाया’तील नानी साकारताना विजया मेहताही चाळिशीच्या आसपासच होत्या. या नाटकांतील एकाकीपणावर आम्ही वर्गात पुष्कळ बोलतो. वार्धक्य रंगवणारे तरुण आणि ते पाहून डोळे टिपणारे वृद्ध ही विभागणी मात्र आम्हांला सहसा खटकत नाही.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे, हा प्रश्न निराळ्या तऱ्हेने सुटलेला दिसतो. केळापूर, झरी-जामणी या पट्ट्यात दिवाळीच्या सुमारास गोंड-कोलामांची दंडार उभी राहते. नदीपलीकडे आदिलाबादेत तिलाच दंडारी म्हणतात. तेथील राजगोंडांचे जीवन हायमेनडॉर्फ यांनी १९४८ च्या आपल्या ग्रंथात नोंदवले आहे. दंडारीत ढोलांच्या तालावर गावोगाव फिरणारे नर्तक असतात, स्त्रीवेषातील तरुण असतात आणि घुसाडी असतो: अंगाला राख, डोक्यावर मोरपिसांचा भलामोठा टोप, हाती सोटा. तो नाचतो, नकला करतो, यजमानांची थट्टाही करतो. पण तो देवत्वाचाही धनी असल्याने व्रतकाळात आंघोळ करीत नाही. (विदूषक आणि पुरोहित एकाच देहात नांदण्याची ही सोय आमच्या नागर नाटकाने केव्हाच गमावली.) येथे वयाने कोणी निवृत्त होत नाही. मारलवाईचे कनक राजू यांनी घुसाडी नृत्य आयुष्यभर जपले, तरुणांना शिकवले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

अशा सहभागाने माणसाला काय लाभते, याचे मोजमाप दूर अमेरिकेत झाले. हेल्गा व टोनी नॉइस यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साठीपुढील व्यक्तींना चार आठवडे अभिनयाचे शिक्षण दिले. ते न घेतलेल्यांच्या तुलनेत त्यांची स्मरणशक्ती व मनःस्वास्थ्य अधिक सुधारल्याचे आढळले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, येथे वृद्धांना नाटक दाखवले नव्हते. त्यांच्याकडून ते करवून घेतले होते.

आमच्याकडे शासनाची दृष्टी वेगळी आहे. वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची योजना १९५४-५५ पासून चालत आली आणि २०२४ मध्ये ते दरमहा ५,००० रुपये झाले. रक्कम गरजेची आहे, तिची टर उडवण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु ती गतकाळातील कामगिरीची पावती आहे. वृद्धाकडून आज काही मागावे, हे तिला सुचलेले नाही. पांढरकवड्याच्या एखाद्या शाळेत दंडारीच्या जाणत्याने मुलांना ताल शिकवावा आणि त्या तासांचे पैसे घ्यावेत, हा व्यवहार अजून मानधनाच्या बाहेरच आहे.