अंगठा, शिक्का आणि बटण

परवा तलासरीच्या बाजारात एका आजीने अडवलं. "बाबा, जिल्हा परिषदेला दोनदा बटण दाबायला सांगतात. एकदाच दाबलं तर?"

मी म्हटलं, आजी, दोन मतं आपल्याकडे नवी नाहीत. १९५७ साली ठाणे लोकसभा मतदारसंघ दुहेरी होता. खासदार दोन, म्हणून मतंही दोन. तेव्हा शिक्का नव्हता की बटण नव्हतं. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर निशाणी. निशाणी बघून कागद आत टाकायचा. दोन्ही मतं एकाच उमेदवाराला मात्र चालत नव्हती. त्या वर्षी कम्युनिस्ट पक्षाचे शामराव परुळेकर आणि लक्ष्मण मातेरा दोघंही निवडून आले. झरीच्या परिषदेला आणि वारल्यांच्या उठावाला जेमतेम बारा वर्षं झाली होती. कालचे वेठबिगार खासदार निवडत होते!

१९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत अशा पेट्या गेल्या. एकाच कागदावर सगळी नावं-निशाण्या आल्या आणि फुलीचा रबरी शिक्का आला. इथेच घोळ व्हायचा. दोन निशाण्यांवर शिक्का, मत बाद. अंगठा उठवला, तरी बाद! कारण अंगठ्यावरून माणूस ओळखता येतो आणि मत गुप्त राहत नाही. ज्या माणसांनी सावकाराच्या कागदावर अंगठा देऊन जमिनी घालवल्या, त्यांना हा नियम नीट समजावून सांगायला हवा होता.

आता मशीन आहे. २००४ पासून लोकसभेला सगळीकडे तेच. चुकीचा शिक्का बसायची भीती गेली, पण मत अर्धवट सोडायची सवय राहिली. म्हणून लक्षात ठेवा:

• एक मत जिल्हा परिषदेचं, दुसरं पंचायत समितीचं. दोन्हीकडे एकेक बटण दाबा.
• एखाद्या जागेला कुणीच पसंत नसेल तर 'नोटा' आहे. मत न देता निघू नका.
• दोन्ही मतं झाल्यावर बीप वाजतो. तो ऐकूनच बाहेर पडा.
• नाव वाचता येत नसेल तर निशाणी बघा. ती त्यासाठीच आहे.
• समजलं नाही तर बटण दाबायच्या आधी केंद्राध्यक्षाला विचारा. त्यात लाज कसली?

पंचायत समितीचं मत बारीक समजू नका. पाड्यावरच्या कामांचा पाठपुरावा तिथेच करावा लागतो.

आजी हसून म्हणाली, "मग दोन्ही दाबीन."

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे आजच सांगा. फक्त कुठलं बटण दाबायचं, ते मात्र सांगू नका.